उशाशी ठेवलेला वेदर रेडिओ, दोन स्प्रिंग सीझन वापरून झाल्यावर

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच, पण ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते, टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, आर्कान्सा, मिसुरी, अलाबामा, टेनेसी असल्या कुठल्याही राज्यात राहत असाल आणि रात्री फोन सायलेंट करून झोपत असाल तर हा डबा घ्या, आणि घेतला की त्याच दिवशी त्यात आपल्या काउंटीचा (म्हणजे इथल्या जिल्ह्याचा) कोड टाका, उद्यावर ढकलू नका. आम्ही ढकललं होतं आणि त्या एका आठवड्यात हा रेडिओ कपाटात जाऊन पडायच्या बेतात होता.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला कॉलिन काउंटीत राहतो. घर दुमजली आहे, बेसमेंट नाही (इथे जवळजवळ कुणाच्याच घराला नसतं, खालची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते), झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, आणि मार्च ते जून आई-बाबा नाशिकहून आमच्याकडे असतात. म्हणजे नेमके वादळाचे महिने. आधी आम्ही दोघंच होतो तेव्हा खरं सांगायचं तर वादळाचं एवढं मनावर घेतलं नव्हतं, टीव्हीवर लाल पट्टी आली की चॅनल बदलायचं एवढंच. पण घरात सत्तरी ओलांडलेली दोन माणसं आणि सहा वर्षांची लेक असली की रात्री दोन वाजता काय करायचं हा प्रश्न वेगळाच होऊन बसतो.

वस्तू काय आहे ते सांगते. नॅशनल वेदर सर्व्हिस, म्हणजे इथलं सरकारी हवामान खातं, देशभर हजाराहून जास्त ट्रान्समिटरवरून चोवीस तास हवामान सांगत असते, त्याला नोआ वेदर रेडिओ म्हणतात. सात ठरलेल्या फ्रिक्वेन्सी आहेत, १६२.४०० पासून १६२.५५० मेगाहर्ट्झपर्यंत, त्या साध्या एफएम रेडिओवर लागत नाहीत, त्यासाठी हा वेगळा रेडिओ लागतो. आम्हाला डॅलसचं १६२.४०० स्वच्छ येतं. इंटरनेट लागत नाही, मोबाइलचा टॉवर लागत नाही, महिन्याचे पैसे नाहीत. इशारा निघाला की तिकडून एक कोड आणि एक कर्कश सूर येतो, त्याने आपला गप्प बसलेला रेडिओ आपोआप जागा होतो, सायरन वाजवतो आणि बोलायला लागतो. मी घेतला तो टेबलावर ठेवायचा, साधारण जुन्या अलार्म घड्याळाएवढा, भिंतीच्या विजेवर चालतो आणि वीज गेली की आतल्या तीन पेन्सिल सेलवर. चाळीस डॉलरच्या आसपास पडला. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण तीन-चार कंपन्यांचे जवळपास असेच मिळतात आणि कुठला घ्यायचा ते नावापेक्षा त्यात काय काय आहे त्यावरून ठरवा.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेम. स्पेसिफिक एरिया मेसेज एन्कोडिंग, म्हणजे फक्त तुम्ही सांगाल त्या काउंटीचा इशारा वाजणार, बाकीच्यांचा नाही. खोक्यावर हा शब्द नसेल तर तो रेडिओ उशाशी ठेवण्याच्या कामाचा नाही, कितीही स्वस्त असो.

आता आमचा तो पहिला आठवडा. बॉक्स उघडला, प्लग लावला, आवाज आला, झालं असं समजून आम्ही झोपलो. कारखान्यातून येताना तो "सगळ्या काउंट्या" या सेटिंगवर असतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. एका ट्रान्समिटरचा आवाज चाळीस मैलांपर्यंत जातो, त्यात कितीतरी काउंट्या येतात, आणि त्या आठवड्यात दक्षिणेकडे पाऊस चालू होता. रात्री साडेबाराला वाजला, दोनला वाजला, परत पावणेचारला वाजला. आमच्याकडे चांदणं पडलेलं, आणि हा ओरडतोय कुठल्यातरी लांबच्या काउंटीतल्या ओढ्याला पूर आला म्हणून. नवरा उठून प्लगच काढायला निघाला होता. मला वाटतं हजारो घरांत हा रेडिओ नेमका इथेच बंद पडत असणार, आणि यात रेडिओ बनवणाऱ्यांची चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्यांदा चालू करताना "तुमची काउंटी कुठली" हे त्यानेच विचारायला हवं. मॅन्युअलमध्ये आहे, पण चौदाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. अर्धा स्टार तिथे गेला.

कोड टाकायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, कारण बटणं चारच असतात आणि प्रत्येक आकडा वर-खाली करून आणावा लागतो. कोड सहा आकडी. पहिला शून्य म्हणजे पूर्ण काउंटी, पुढचे दोन राज्याचे, टेक्सासचे ४८, आणि शेवटचे तीन काउंटीचे. कॉलिनचा ०४८०८५, डॅलस काउंटीचा ०४८११३, डेंटनचा ०४८१२१, टॅरंटचा ०४८४३९. तुमचा कोड नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर राज्य निवडलं की मिळतो. आधी मी उत्साहात हे चारही टाकले आणि परत तेच, अर्ध्या रात्री जागरण. मग शेजारच्या आजींनी (सत्तरच्या पुढच्या आहेत, जन्म इथलाच, त्यांच्या घरात असा रेडिओ कित्येक वर्षांपासून आहे) सांगितलं की दोनच ठेव, एक तुझी आणि एक ज्या बाजूने वादळ येतं ती. आमच्याकडे वादळं बहुतेक पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतात, म्हणून कॉलिन आणि डेंटन. डेंटनचा वाजला की आमच्याकडे साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास असतो. हा एक सल्ला मला सगळ्या मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोगी पडला.

दुसरं म्हणजे कुठले इशारे हवेत ते निवडता येतं. आमच्या सेटवर टॉर्नेडो वॉर्निंग बंदच करता येत नाही, ते योग्यच आहे. बाकी किरकोळ सूचना मी बंद केल्या, पण गडगडाटी वादळाची वॉर्निंग आणि फ्लॅश फ्लडची (अचानक येणाऱ्या पुराची) वॉर्निंग चालू ठेवलीय. काही लोक वादळाचीसुद्धा बंद करतात, तेवढं करू नका, कारण इथे नुकसान होतं त्यातलं बरंचसं सरळ सुटणाऱ्या वाऱ्याने आणि गारांनी होतं. एप्रिल २०१६ मध्ये आमच्याच काउंटीतल्या वायलीमध्ये सॉफ्टबॉलएवढ्या गारा पडल्या होत्या, त्या छपरातून आरपार गेल्या होत्या, टॉर्नेडो नव्हता तो.

हे सगळं होतं कशामुळे ते आईला समजावताना मलाच जास्त कळलं. स्प्रिंगमध्ये दोन-तीन दिवस दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा वर येत राहते, हवा चिकट होते, आई म्हणते "अगं हे तर कोकणासारखं व्हायला लागलं". त्यावर उंचावर मेक्सिकोच्या पठाराकडून आलेली गरम कोरडी हवा झाकणासारखी बसते. खालची वाफ दिवसभर वर जायला बघते आणि झाकण तिला जाऊ देत नाही, अगदी कुकरसारखं. आणि मग वायव्येकडून कोल्ड फ्रंट येतो, थंड जड हवा जमिनीलगत पाचरीसारखी घुसते आणि ती सगळी दमट हवा एकदम वर उचलते. झाकण उडालं की तासाभरात ढग चाळीस-पन्नास हजार फुटांवर जातात. फ्रंटच्या पुढे सुटी सुटी वादळं झाली तर ती जास्त धोक्याची, मोठ्या गारा आणि टॉर्नेडो त्यांतून जास्त येतात, आणि सगळी एका ओळीत आली तर त्याला स्क्वॉल लाइन म्हणतात, त्यात सरळ वारा जास्त. पण स्क्वॉल लाइनमध्येही मधेच छोटा टॉर्नेडो पटकन तयार होतो आणि तो दिसायच्या आत येऊन जातो, म्हणून "आज नुसता वारा आहे" म्हणून वरच्या मजल्यावर झोपून राहायचं नाही.

फ्रंट येणार हे तीन-चार दिवस आधी कळतं, ही या वादळांची एक चांगली गोष्ट आहे. ओक्लाहोमातल्या नॉर्मनला स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे, ते रोज नकाशा काढतात, पाच पायऱ्या असतात, मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट आणि हाय. नावं जरा फसवी आहेत. मॉडरेट म्हणजे मध्यम असं वाटतं पण ती पाचातली चौथी पायरी आहे आणि वर्षातून मोजकेच दिवस येते, म्हणून आम्ही घरात नाव घेतच नाही, आकडा बोलतो, "आज तीन आहे". दोन असेल तर गाडी गॅरेजमध्ये आणि फोन चार्ज. तीन असेल तर अंगणातल्या खुर्च्या, कुंड्या, लेकीचा ट्रॅम्पोलिन बांधून ठेवायचा आणि जिन्याखालचं क्लोजेट रिकामं करायचं. चार आली तर नवरा ऑफिसला जात नाही, घरूनच काम.

वॉच आणि वॉर्निंगमधला फरक मात्र आईने एका वाक्यात मिटवला. आम्ही तिला इंग्रजीतून समजावत होतो, वॉच म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, वॉर्निंग म्हणजे रडारवर दिसलंय किंवा कुणीतरी पाहिलंय वगैरे. ती म्हणाली, "म्हणजे वॉच म्हणजे वरात निघाली, आणि वॉर्निंग म्हणजे दारात आली." तेच आता घरात चालतं. लेकसुद्धा विचारते, आई वरात निघाली का?

आता ती रात्र, जिच्यामुळे मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. गेल्या वर्षीचा मार्च, त्या दिवशी तीन होती, संध्याकाळी वॉच लागला होता आणि रात्री अकरापर्यंत काहीच झालं नाही, बाहेर नुसता दमट वारा, तेव्हा आता टळलं असं समजून आम्ही झोपलो. दोन चाळीसला रेडिओ ओरडला. सायरन पाच सेकंद वाजतो आणि मग बोलणं सुरू होतं, आणि ते कॉम्प्युटरचं बोलणं एकदम सपाट असतं, घाई नाही, भीती नाही, डेंटन काउंटी, सत्तर मैलांचे वारे, पूर्वेकडे पंचेचाळीस मैल वेगाने. अंधारात त्याची ती लाल लाइट लागलेली आणि तो निवांत आवाज, अजून डोळ्यांसमोर आहे. मी नवऱ्याला हलवलं, त्याने लेकीला उचललं, मी आई-बाबांच्या खोलीत गेले. सगळे खाली येऊन क्लोजेटमध्ये बसेपर्यंत सहा मिनिटं लागली, मी मुद्दाम घड्याळ बघितलं होतं. बाबांना जिना उतरायलाच त्यातली तीन लागली. तेवढ्यात कॉलिनचाही वाजला. आणि त्यानंतर साधारण अकरा मिनिटांनी वारा आला, म्हणजे आवाजच आला आधी, जिन्याच्या पायऱ्यांवरून कुणी जड पेटी ओढत नेल्यासारखा, मग गारा. वीज गेली. रेडिओ सेलवर आपोआप चालूच राहिला, तो मी मांडीवर घेऊन बसले होते.

सकाळी बघितलं तर मागचं लाकडी कुंपण पडलेलं, आणि आई-बाबांच्या खोलीच्या खिडकीची बाहेरची काच फुटलेली, मागच्या घरातल्या झाडाची फांदी येऊन आदळली होती. आतली काच शाबूत होती म्हणून पलंगावर काही आलं नाही. पण पलंग त्या खिडकीपासून दोन फुटांवर आहे. मला त्यावर जास्त काही लिहायचं नाही.

आणि त्या रात्री घरातल्या तीनपैकी एकही फोन वाजला नाही. नवऱ्याने कधीतरी मध्यरात्री आलेल्या अलर्टला वैतागून सगळे इमर्जन्सी अलर्ट बंद करून ठेवले होते ते आम्हाला नंतर सापडलं, पण माझे चालू होते, तरी वाजला नाही. मग शोधल्यावर कळलं की फोनवर टॉर्नेडो वॉर्निंग येते, पण गडगडाटी वादळाच्या वॉर्निंगचं तसं नाही. २०२१ पासून नॅशनल वेदर सर्व्हिसने ठरवलंय की वारा ताशी ८० मैल किंवा गारा पावणेतीन इंचांच्या, म्हणजे बेसबॉलएवढ्या, असतील तरच फोन वाजवायचा, त्याखालच्याला नाही. वॉर्निंग मात्र ५८ मैल वारा किंवा एक इंचाच्या गारांपासून निघते. म्हणजे ७० मैलांचा वारा आणि दीड इंचाच्या गारा घेऊन वादळ तुमच्या डोक्यावर आलं तरी तुमचा फोन शांत राहणार, आणि तो बिघडलेला नाही, तो नियमाप्रमाणेच शांत आहे. हे माझ्या ओळखीतल्या एकालाही माहीत नव्हतं. सेम रेडिओ ५८ पासूनच वाजतो.

गावातला सायरन ऐकू येईल ना, असं बरेच जण म्हणतात. ते सायरन बाहेर असलेल्या माणसांसाठी आहेत, मैदानात, पार्किंगमध्ये. दारं-खिडक्या बंद, एसी चालू, वर गारांचा आवाज, अशा वेळी घरात ऐकू येतीलच असं नाही, आम्हाला त्या रात्री आले नाहीत. आणि ऐकू आले तरी माणूस लगेच उठतो असंही नाही. २२ मे २०११ ला मिसुरीतल्या जॉप्लिनमध्ये दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यानंतरच्या चौकशीत हेच आलं की पहिल्या सायरनवर बऱ्याच लोकांनी आसरा घेतला नाही, आणखी काहीतरी खात्री पटेपर्यंत थांबले. या रेडिओचा मला दिसलेला मोठा फायदा तोच आहे, सायरनसारखा तो नुसता ओरडून थांबत नाही, कुठे, काय, कुठल्या दिशेने, किती वेगाने आणि किती वाजेपर्यंत हे लगेच सांगतो, मग "खरंच असेल का" म्हणून खिडकीशी जाऊन बघायचा मोह होत नाही.

रात्रीचं वेगळं का म्हणतेय तर ३ मार्च २०२० ला टेनेसीत मध्यरात्रीनंतर टॉर्नेडो आले, कुकविलजवळ पुटनम काउंटीत रात्री दोनच्या सुमाराला १९ माणसं गेली. झोपेत असलेली माणसं. आमच्याकडे डॅलसमध्ये २० ऑक्टोबर २०१९ चा टॉर्नेडोही रात्री नऊला आला होता, रविवार होता म्हणून लोक जागे आणि घरी होते, कुणाचा जीव गेला नाही.

बाबांसाठी एक गोष्ट वेगळी घेतली, त्याबद्दल लिहायलाच हवं कारण याची कुणी माहिती देत नाही. बाबा रात्री कानाचं यंत्र काढून ठेवतात, मग हा सायरन त्यांना दुसऱ्या खोलीतून ऐकू येत नाही. रेडिओच्या मागे बाहेरचं अलार्म जोडायला एक छोटं भोक असतं, त्यात उशीखाली ठेवायचा थरथरणारा पॅड किंवा चमकणारा दिवा जोडता येतो. आम्ही पॅड घेतला, तो रेडिओच्या निम्म्या किमतीत मिळाला, आणि या वर्षी दुसरा रेडिओच त्यांच्या खोलीत ठेवला. एप्रिलमध्ये एकदा रात्री वाजला तेव्हा मी त्यांच्या दाराशी पोचायच्या आत बाबा चप्पल घालून उभे होते. घरात ऐकायला कमी येणारं माणूस असेल तर हे भोक असलेलाच सेट घ्या, सगळ्यांना नसतं.

हाताने फिरवून चार्ज करायचे रेडिओ मिळतात, टॉर्च, सोलर, फोन चार्जिंग सगळं एकात, ते पण आम्ही एक घेतलं. दिसायला छान. पण आमच्यात सेम नाही, आणि इशाऱ्याची वाट बघत चालू ठेवला तर रात्रभरात बॅटरी उतरते, शिवाय दहा मिनिटं हँडल फिरवून फोन दोन टक्के चार्ज झाला, आणि माझा हात गेला. वीज गेल्यावर क्लोजेटमध्ये ऐकायला ठीक आहे, झोपेतून उठवायला नाही. एकच घ्यायचा असेल तर टेबलावरचाच घ्या.

जागेचं बघा. फ्रिज, मायक्रोवेव्ह, वायफायचा राउटर यांच्या शेजारी ठेवला की खरखर येते. आमच्या बेडरूममध्ये पूर्वेच्या खिडकीशी उत्तम येतो आणि जिन्याखालच्या क्लोजेटमध्ये अँटेना पूर्ण ओढली तर येतो, नाहीतर नाही. हे आधीच करून बघा, त्या वेळी नको. दर आठवड्याला एक टेस्ट येते, बहुतेक बुधवारी सकाळी उशिरा ते दुपारच्या सुमाराला, हवा खराब असेल तर पुढे ढकलतात. बरेच दिवस टेस्ट पोचली नाही तर स्क्रीनवर रिसेप्शन तपासा असं येतं. आणि सेल वर्षातून एकदा बदला, आमच्या पहिल्या सेटमधले सेल थोडे गळले होते, आत पांढरी पावडर जमली होती, वेळेत दिसलं म्हणून वाचलं. सेल आत घालायची ती छोटी स्प्रिंगची पट्टीही नाजूक आहे, जरा जपून.

तक्रारी अजून दोन. काउंटी मोठी असते आणि वॉर्निंग असते छोट्या तुकड्यासाठी, २००७ पासून नॅशनल वेदर सर्व्हिस नकाशावर नेमका भाग आखून वॉर्निंग देते, पण रेडिओला तो तुकडा कळत नाही, काउंटीच्या एका कोपऱ्यात असलं तरी पूर्ण काउंटीला वाजतो. म्हणून वाजल्यावर गावांची नावं ऐकायची आणि मग फोनवर रडार बघायचं, फोन त्या कामाला चांगला आहे. दुसरी अशी की ते कॉम्प्युटरचं बोलणं आईला कळत नव्हतं, उच्चार अमेरिकन आणि गावांची नावं भराभर. त्यावर आम्ही काउंटीचा नकाशा प्रिंट करून त्याच्यावर मराठीत गावं लिहिली, प्लेनो, मॅकिनी, फ्रिस्को, ॲलन, वायली, सलायना, आणि आपलं घर लाल पेनने. तो फ्रिजवर आहे. आता आईला अर्ध्या वाक्यात कळतं, "मॅकिनी म्हणाला, चला."

रेडिओ उठवतो, पण उठून कुठे जायचं ते तुमचं ठरलेलं पाहिजे, म्हणून आमच्या क्लोजेटमध्ये काय असतं ते सांगते. सगळ्यांचे बूट, कारण नंतर घरभर काच असते आणि माणसं अनवाणी बाहेर पडून पाय कापून घेतात. सायकलची हेल्मेटं, पाच, बाबांना आधी अवघड वाटलं पण आता तेच पहिलं घालतात. बाबांच्या बीपीच्या गोळ्या तीन दिवसांच्या, चष्मा, यंत्राचे सेल. दोघांच्या पासपोर्टची आणि इन्शुरन्सची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. टॉर्च, पॉवर बँक, एक शिट्टी (अडकलो तर ओरडून घसा जातो, शिट्टी वाजवता येते). पाणी माणशी दिवसाला एक गॅलन धरून तीन दिवसांचं, ते बाहेर गॅरेजमध्ये. आणि स्वेटर. हे कुणी सांगत नाही, पण फ्रंट गेला की मागून थंडी येते, त्या दिवशी संध्याकाळी आम्ही हाफ बाह्यांत होतो आणि सकाळी वीज नसलेल्या घरात आई शाल पांघरून बसली होती. नऊ तास वीज नव्हती. कुणी जनरेटर लावत असाल तर घरापासून निदान वीस फूट लांब, गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनसुद्धा नाही, त्या धुराने झोपेतच माणूस जातो.

अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरच्या कुणाशी तरी आधीच बोलून ठेवा, बिनखिडकीची बाथरूम किंवा कॉरिडॉर, ऐनवेळी रात्री दोनला दार वाजवायला संकोच वाटतो आणि त्या संकोचात मिनिटं जातात. मोबाइल होममध्ये असाल तर वॉर्निंगची वाटच बघू नका, वॉच लागला की दुसरीकडे जा. गाडीत असाल तर हायवेच्या पुलाखाली थांबू नका, ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात तसं थांबलेल्यांपैकी काही जण गेले. आणि खिडक्या उघडून ठेवल्या की घर वाचतं हे खोटं आहे, त्यात वेळ घालवू नका.

या वर्षी मार्चपासून रात्री चार वेळा वाजलाय. तीन वेळा आम्ही खाली बसून परत वर येऊन झोपलो, काही झालं नाही, सकाळी सगळे पेंगत होते. मला त्या तीन रात्रींचं वाईट वाटत नाही. गेल्या महिन्यापासून वरून खाली यायला चार मिनिटं लागतात, बाबांच्या खोलीतला दिवा आता जिन्याच्या वरच्या कठड्याशी लावलाय.

परवा बुधवारी टेस्ट आली तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. आई वर गेली, स्क्रीन बघितली, बटण दाबून बंद केला आणि कॅलेंडरवर त्या तारखेवर बरोबरची खूण केली. मार्चपासूनचे सगळे बुधवार तिने असेच भरलेत, एक सोडून, त्या दिवशी हवा खराब होती म्हणून टेस्टच नव्हती, तिथे तिने बारीक अक्षरात "वरात" लिहिलंय.